निळ्याचा मेळ

१

रंगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलेलं. नवं लग्न झालं होतं तेव्हा तिने धुवायला काढलेल्या शर्टाची बाही बघितली, कॉलर बघितली, आणि विचारलं, "अहो रंगोबा, हा शर्ट पांढरा होता ना?" तेव्हापासून ते नाव घरात राहिलं, मग गल्लीत गेलं, आणि पुढे फ्रेम करणारासुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. खोटं थोडंच होतं?

घराच्या मागच्या खोलीत त्याचं छापयंत्र होतं. दोन जाड रूळ, त्यांच्या मधून सरकणारी लोखंडी फळी, आणि बाजूला एक मोठं चाक. यंत्राने एवढी जागा खाल्ली होती की बाकीच्या खोलीत माणसाने अंग चोरूनच वावरायचं. तिथे रोज सकाळी चहा झाला की तो शिरायचा, आणि जेवायला तीन हाका मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही.

काम किचकट. जस्ताच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवायची, पत्रा खालून तापवायचा, राळ वितळून तिचे बारीक बारीक ठिपके चिकटले की पत्रा ऍसिडच्या तबकात सोडायचा. ठिपक्यांच्या मधली जागा ऍसिड खातं. जास्त वेळ खाल्लं की छटा गडद. जिथे वॉर्निश लावून झाकलं, तिथे कागद कोराच राहतो. मग पत्र्यावर शाई भरायची, पुसायची, ओला कागद ठेवून रुळाखालून काढायचा. पाण्यात रंग सोडल्यासारखी मऊ छटा कागदावर उतरते. या प्रकाराला ॲक्वाटिंट म्हणतात. एका काळ्या शाईत ते पुष्कळांना जमतं. रंगोबाला ते रंगांत करायचं होतं, आणि तिथे त्याच्या नाकी नऊ येत होते.

कारण रंगांना तीन पत्रे लागतात. एक पिवळा, एक तांबडा, एक निळा. तिन्ही एकाच कागदावर, एकावर एक छापायचे. बरोबर बसले तर चित्र. केसाएवढे सरकले तर प्रत्येक वस्तूला एका बाजूने तांबडी झालर, दुसऱ्या बाजूने निळी. बरोबर बसण्याला रंगोबा 'मेळ' म्हणायचा.

"सबंध संसारात आपला मेळ बसला नाही," बायको म्हणायची, "आणि तुमच्या तीन रंगांचा कुठला बसतोय!"

२

या वेळचं चित्र मात्र तिचंच होतं.

जन्मभर त्याने पूल छापले, कावळे छापले, गोदीतली गंजकी जहाजं छापली. बायकोचं एकही चित्र केलं नव्हतं. ती ते बोलून दाखवायची नाही असं नाही. "कावळ्यांचं नशीब बघा," म्हणायची. आता वर्षभर तिला खोकला लागला होता. राळेच्या भुकटीने होतो, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. लेक तर मागेच लागली होती की आईला माझ्याकडे पाठवा, तिथे हवा चांगली आहे, माझं घर मोठं आहे, बाबांना यायचं तर त्यांनीही यावं पण ते यंत्र सोडून येणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

ते खरं होतं. पण बायको गेली तर या घरात आपण काय करायचं, हा विचार रंगोबाला सहन होत नव्हता. म्हणून त्याने शब्द दिला. हे एक चित्र, तिचं. ते झालं की राळ, ऍसिड सगळं बंद. यंत्र उचलून न्यायला माणूस बोलवायचा.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"मग लवकर करा. मी काही पूल नाही, जागेवर उभी राहायला."

पुढच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची होती. त्यात निळी शाल पांघरून ती त्याच्या शर्टाला बटण लावत बसली, आणि समोर बसून त्याने तिला काढलं. खिडकी, खुर्ची, तिपाईवरचा बटणांचा डबा, आणि पार पलीकडे बाहेरचं दार, कडी लावलेलं. एकदाच बैठक झाली. ते रेखाटन त्याने एका पत्र्यावर कोरलं, त्याचा ओला ठसा कागदावर घेतला आणि तोच कागद उरलेल्या दोन पत्र्यांवर दाबला. म्हणजे तिन्ही पत्र्यांवर तीच रेघ, तेच चित्र. चुकायला जागाच नाही. यंत्राच्या फळीवर पुठ्ठ्याची चौकट चिकटवलेली होती; पत्रा तिच्यात घट्ट बसायचा. कागदाची एक कड रुळाखाली दाबून ठेवायची, पत्रा बदलायचा, कागद पुन्हा त्यावर सोडायचा. हे त्याला झोपेतही जमलं असतं.

पहिला पूर्ण छाप त्याने उचलला आणि खिडकीशी नेला.

खिडकी स्वच्छ. डबा स्वच्छ. खुर्चीच्या वेताची वीण न वीण बसलेली. दाराची कडीसुद्धा.

फक्त बायको हलली होती. तिच्या एका खांद्याला तांबडी झालर होती आणि दुसऱ्याला निळी.

३

"हललीस तू," तो दारातून ओरडला.

"मी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी इथे भांडी घासत्येय! छापताय तुम्ही, आणि हलले मी?"

हे म्हणणं तसं बिनतोड होतं. तो परत आत गेला.

हलला असता तर सगळा पत्रा हलला असता, म्हणजे खिडकीही हलली असती. एका पत्र्यावरचं एकच माणूस सरकायला ते काय तिकिटासारखं वर चिकटवलंय? त्याने कारणं काढली. कागद तिथेच जास्त भिजला असेल. रूळ आणि कागद यांच्यामध्ये घालायच्या लोकरी नमद्याला सुरकुती पडली असेल. त्याने नमदे झटकले, उलटे घातले. नवा कागद रात्रभर ओल्या फडक्यात ठेवला, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं मुरेल. चौकटीचे कोपरे नखाने तपासले.

दुसऱ्या छापात ती बोटभर सरकली होती.

त्याने कपाळाला हात लावला, आणि त्या हाताला शाई आहे हे नंतर लक्षात आलं.

मग त्याने शहाण्या माणसाने आधी करायला हवं होतं ते केलं. तिन्ही पत्र्यांचे वेगवेगळे छाप काढले आणि दोरीवर शेजारी शेजारी टांगले. पिवळ्यात बायको खुर्चीत बसली होती, जशी बसवली तशी. तांबड्यात ती खुर्चीच्या जरा बाहेर होती. निळ्यात आणखी बाहेर. बसलेलीच होती, मान खाली, सुई हातात, तशीच्या तशी. फक्त खाली खुर्ची नव्हती. आणि सरकली होती ती खिडकीकडे नव्हे, दाराकडे.

"मीच चुकीचं काढलं असणार," रंगोबा मोठ्याने म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याला ते कोणाला तरी ऐकवावंसं वाटलं.

४

त्यानंतर घरात जे सुरू झालं, त्याला त्याने आधी म्हातारपण म्हटलं.

बायकोचा खोकला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि ती यायची पुढच्या खोलीतून. तिच्या सपातांचा आवाज बोळातून जायचा, थांबायचा, आणि मग जराशाने ती स्वतः बोळातून जायची, तिच्या सपाता वाजायच्याच नाहीत. कान गेले, असं त्याने ठरवून टाकलं. या वयात कान जातात. त्याच्या वडिलांचेही गेले होते.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

"टाक की."

थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. "चहा टाकू का?"

"अगं, हो म्हटलं ना आत्ताच!"

"कधी म्हटलंत?"

"आत्ता! तू विचारलंस, मी टाक म्हटलं."

"मी आत्ता विचारत्येय. पहिल्यांदा." ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला एक सांगू का? हल्ली तुम्ही मी विचारायच्या आधी उत्तरं देता. काल मी डबा शोधत होते, तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि तुम्ही आतून ओरडलात, 'फळीवर बघ.' मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी नवऱ्याला मनातलं कळायला लागलं."

"मला ऐकू आलं म्हणून मी सांगितलं."

"काय ऐकू आलं? मी बोललेच नाही तर?"

दोघंही चिडले. चहा राहून गेला. रंगोबा खोलीत जाऊन दाण्‌कन स्टुलावर बसला. बायको बोलली ते तिच्याआधी आपल्या कानावर येतं, असं तर होऊ शकत नाही. म्हणजे ती विसरते. एकदा विचारते आणि विसरते, मग पुन्हा विचारते. बिचारी. लेकीच्या कानावर घालायला हवं.

बाहेर बोळात ती खोकली. त्याने पाहिलं. बोळात कोणी नव्हतं. मग पाण्याचा तांब्या घेऊन ती बोळात आली, बरोबर त्या जागी थांबली, आणि तोंडावर पदर धरून तिचे खांदे हलले. आवाज नव्हता. आवाज होऊन गेला होता.

५

लेक आली ती फळं, औषधं आणि सल्ले घेऊन. आल्या आल्या तिने मागच्या खोलीची खिडकी उघडली.

"बाबा, इथे श्वास कसा घेता तुम्ही?"

"नाकाने."

ती दोरीवरच्या छापांकडे वळली. बराच वेळ बघून हसली. "आईला सरकती केलीत की! छान आहे हं. मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम कशाला करीन? मेळ बसत नाही."

"मग सोडून द्या ना. एक चित्र नाही बसलं तर काय बिघडतंय? आई किती खोकत्येय बघताय ना?"

चित्र सोडलं तर कबूल केल्याप्रमाणे काम आजच बंद. काम बंद झालं तर खोकला थांबेल आणि बायको राहील. हे सगळं त्याला कळत होतं. पण दोरीवरच्या त्या निळ्या कागदावर ती दाराकडे निघालेली होती, आणि ते तसंच टाकून पत्रे भंगारात द्यायला त्याचा हात धजत नव्हता.

तो हे मनात जुळवत होता तेवढ्यात लेक बोळात गेली. तिथून तिचा आवाज आला, "आई, जरा बाजूला हो ना, जाऊ दे मला." आणि ती भिंतीला लागून एका अंगाने पुढे गेली, जसं आपण कोणाला वाट देतो तसं.

मग ती थबकली. कारण तिची आई स्वयंपाकघरातून, तिच्या मागून, हात पुसत बाहेर येत होती.

"कोणाशी बोलत्येस गं?"

लेक वळली. तिने आईकडे बघितलं, पुढच्या रिकाम्या बोळाकडे बघितलं, आणि शेवटी रंगोबाकडे. तिचा चेहरा लहानपणी ताप चढायचा तेव्हा व्हायचा तसा झाला होता.

"कोणाशी नाही," ती म्हणाली. "आई, तू रविवारी माझ्याकडे चल. मी न्यायला येते."

"चित्र होऊ दे की यांचं. आता एवढं थांबले."

"रविवारी," लेक म्हणाली. जाताना तिने दाराची कडी दोनदा ओढून बघितली.

६

रंगोबाने निळा पत्रा नव्याने करायला घेतला. जुना मोडीत. पिवळ्या पत्र्यात बायको जागेवर होती, म्हणून त्याचा ठसा घेऊन नव्या पत्र्यावर उतरवला. भिंगातून बघितलं. खुर्चीतच होती. राळ बसवली, आणि बायकोला त्रास नको म्हणून दाराच्या फटीत ओलं पोतं कोंबलं. पत्रा तापवला. राळ चमकली. जिथे उजेड हवा तिथे वॉर्निश लावलं: खिडकीची काच, तिची मान, सुई धरलेलं बोट. मग पत्रा ऍसिडमध्ये सोडला आणि पिसाने वरचे बुडबुडे सारत बसला.

त्याने नजर हलवली नाही. या खेपेला हलायचंच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत हल, असं तो मनात म्हणत होता. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने. पत्र्यावर काहीही हललं नाही. बाहेर काढला, धुतला, राळ पुसली, निळी शाई भरली आणि छाप घेतला.

खुर्ची रिकामी होती.

वेताची वीण, पाठीमागची उशी, सगळं स्पष्ट होतं. बायको दाराशी होती. हवेतच बसलेली. मान खाली, हातात सुई आणि त्याचा शर्ट. तिचं कोपर दाराच्या कडीला टेकलं होतं.

त्याच वेळी पुढच्या खोलीत कडी वाजली.

गुडघ्यांनी नेलं तेवढ्या वेगाने तो धावला. पोत्यात पाय अडकला, भिंतीला धरून सावरला. पुढच्या खोलीत दार बंद होतं. कडी लावलेली होती, पण ती अजून झुलत होती.

बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती. बटण लावत होती.

"काय झालं धावायला? पडाल."

ती तीच होती, आवाजही तिचा, कुरकुरही तिची. पण खिडकीचा उजेड तिच्यावर पडला होता, आणि दुसऱ्या बाजूला जी सावली असायला हवी, ती नव्हती. हनुवटीखाली नव्हती. केसांच्या आत नव्हती. शालीच्या घड्यांत नव्हती. शाल निळी होती हे त्याला माहीत होतं, त्यानेच आणली होती, पण त्या क्षणी तिचा रंग काय ते त्याला सांगता आलं नसतं. जन्मभर त्याने असे कागद हाताळले होते. पिवळा बसलाय, तांबडा बसलाय, आणि निळा बसायचा राहिलाय, असा कागद.

"थंडी वाजत्येय," ती म्हणाली. "दार उघडं आहे का हो?"

"नाही."

"मग वारा कुठून येतोय?"

७

पुढच्या सकाळी रंगोबा यंत्रासमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला राग आला नाही. राग येऊन येऊन संपला होता.

तिला पुन्हा खुर्चीत आणता येत नाही, हे आता दिसत होतं. नवा पत्रा केला तर ती पुढच्या खेपेला दाराबाहेर असेल आणि मग पत्र्यावर कुठेच सापडायची नाही. पण अजून ती तिन्ही पत्र्यांवर होती. पिवळ्यात इथे, तांबड्यात तिथे, निळ्यात दाराशी. तिची बसण्याची ढब तिन्हीत एकच होती, रेघही तीच. मग पत्रेच का सरकवू नयेत?

इतकी वर्षं त्याने मेळ बसवला तो कोपऱ्यांचा. चौकट धरायची, भिंती, खिडकी, दार, म्हणजे आतलं आपोआप बसतं, असंच तो शिकला होता, आणि जे कोणी शिकायला आले त्यांनाही तेच सांगत आला. आता त्याने फळीवरची पुठ्ठ्याची चौकट उचकटून काढली. जुना डिंक होता, तिच्याबरोबर नखही निघालं.

हा मेळ तिच्यावरून बसवायचा. बाकीच्या घराचं काय व्हायचं ते होऊ दे.

त्याने मोठा कागद घेतला. सुईने तीन बारीक भोकं पाडून तिच्या खुणा केल्या: भांगाचा शेवट, सुईचं टोक, मांडीवरच्या शर्टाची कॉलर. पिवळा छापला, हात धुतले. तांबडा त्या खुणांवर आणून छापला, हात धुतले. निळा पत्रा एवढा बाजूला घ्यावा लागला की तो फळीच्या कडेला आला. चाक जड गेलं. त्याने छातीचा भार टाकून ते फिरवलं, आणि फिरवताना म्हणत राहिला, "बैस गं बाई. एकदाची बैस."

कागद उचलला.

अशी ती त्याने कधी बघितली नव्हती. म्हणजे रोज बघितली होती, पण अशी नव्हे. शाल निळी होती, आणि घड्यांत गर्द निळी. हनुवटीखाली सावली होती. कपाळावर ती कुरकुरीची आठी होती, जी त्याने काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. एकही झालर नाही. सुईचं टोकसुद्धा एकच.

तिच्याभोवती मात्र घर फुटलं होतं. तीन खिडक्या, एकीत दुसरी घुसलेली. तीन तिपाया. तीन दारं, आणि त्यांतलं कोणतं बाहेर जायचं हे सांगता येऊ नये असं.

पुढच्या खोलीत ती खोकली. एकदाच. आणि खुर्ची करकरली ती त्याच जागी.

रंगोबाने कागद दोन्ही हातांनी आडवा धरला, कारण शाई ओली होती, आणि तिला दाखवायला निघाला.

८

दाराचं हँडल त्याच्या हाताला लागलं नाही. ते दिसत होतं तिथे गुळगुळीत फळी होती. हँडल वीतभर अलीकडे सापडलं. उंबरठा पायाला लागला तो ओलांडून झाल्यावर. बोळात त्याने भिंत धरायला कोपर टेकवलं तर भिंत नव्हती, आणि जरा पुढे, मोकळ्या दिसणाऱ्या जागी, त्याच भिंतीने त्याचा खांदा सोलून काढला. घाई केली की असंच होतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. चष्मा पुसायला हवा. सकाळपासून पोटात काही नाही.

पुढच्या खोलीच्या तोंडाशी तो थांबला.

ती खिडकीशी बसली होती. घट्ट, भरीव, सावल्यांसकट. शाल निळी. शर्टाचं शेवटचं बटण लावून तिने दोरा ताणून धरला होता आणि समोर बघत होती. दाराकडे नव्हे. रंगोबाकडेही नव्हे. चित्र काढताना तो जिथे बसला होता त्या खुर्चीकडे.

"हात धुतलेत का?" तिने त्या खुर्चीला विचारलं. "मग टेकू नका तिथे. बघा, लावलात ना पिवळा!"

खुर्चीची पाठ रंगोबाकडे होती. खुर्चीच्या हातावर एक हात ठेवलेला दिसत होता. म्हातारा, नखाशी शाई गेलेला, मनगटापर्यंत पिवळा. सकाळी पहिला रंग छापून झाल्यावर त्याने साबणाने जेवढा पिवळा धुऊन टाकला होता, तेवढाच.

त्याने स्वतःचा हात बघितला. कागद धरलेला होता. तो निळा होता, बोटं, तळवा, मनगट, आणि बाहीच्या आत जाईल तिथपर्यंत निळा, आणि शाईच्या खाली कातडीचा जो रंग असतो तो काही केल्या दिसेना.

तिला हाक मारावी, म्हणून त्याने तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं. सबंध आयुष्याचं भांडण मिटेल एवढंसं वाक्य होतं, आणि ते त्याने बोळातून येताना जुळवून ठेवलं होतं.

"अगं, बघ," त्याचा आवाज म्हणाला, समोरच्या खुर्चीतून, त्याच्या श्वासाच्या जरा आधी. "बसला मेळ."

बायको हसली. किती दिवसांनी ती अशी, न खोकता, हसली होती.

"बसला एकदाचा," ती म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला. "आता ते यंत्र हलवा बघू. आणि तुमच्या मागचं ते दार लावून घ्या, तिकडून वारा येतोय."

खुर्चीतला माणूस दार लावायला उठू लागला. रंगोबा ओला कागद धरून उभा राहिला. खाली ठेवला तर शाई पुसली जाईल, म्हणून त्याने तो तसाच, छातीपाशी, आडवा धरून ठेवला.